मा. उद्घाटक महोदयांस अनावृत पत्र

माननीय उद्घाटक महोदय,



पत्रावर आपले नाव घातलेले नाही, कारण नाव दर पाच वर्षांनी बदलते आणि कात्री तीच राहते. कधी आपण पालकमंत्री असता, कधी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, कधी कुलगुरू, तर कधी एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागाचे प्रमुख. शाळा-महाविद्यालयांत नवोपक्रम फुलावेत, तंत्रज्ञान यावे आणि समाजाने शाळेला हात द्यावा, ही आपली तळमळ आम्ही शाल, श्रीफळ आणि रोपट्यासह अनेकदा ऐकली आहे. (पुष्पगुच्छाऐवजी हल्ली रोपटे देतात, त्याला पुढे पाणी कोण घालते ते विचारायचे नसते.) डिजिटल वर्ग, रोबोटिक्सचे संच, थ्रीडी प्रिंटर, महाविद्यालयातले इनक्युबेशन सेंटर, यांतले काहीही आपल्या शुभहस्तांवाचून सुरू झाले नाही. त्यातले जे बंद पडले ते बंद पडताना आपण तिथे नव्हता, हा आपला दोष नव्हे. बंद पडण्याचा समारंभ करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. माझी तक्रार फीत कापण्याबद्दल नाहीच. ज्या गोष्टींमुळे शाळेत काही नवे टिकते त्यांना फीत बांधता येत नाही. म्हणून त्या आपल्या दौऱ्यात बसत नाहीत, आणि दौऱ्यात बसत नाहीत म्हणून अंदाजपत्रकातही बसत नाहीत. एवढे एकच म्हणणे आपल्या कानावर घालायचे आहे.

आधी पैशाचे पाहू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाकाठी संयुक्त शाळा अनुदान मिळते. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, १०० पर्यंत असेल तर २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळाच सुमारे १५ हजार आहेत, तेव्हा पहिला आकडा अपवादातला समजू नये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरले ९ हजार, म्हणजे महिन्याला साडेसातशे. या साडेसातशेत वीजबिल, इंटरनेट, खडू, हजेरीपत्रक, प्रयोगाचे साहित्य, पाण्याच्या टाकीची तोटी आणि मोडतोडीची दुरुस्ती. अशा शाळेत आपण मोठ्या मनाने इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसवता. त्याला वीज लागते, नेट लागते, भारनियमनात इन्व्हर्टर लागतो, आणि इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षांनी मान टाकते. मग मुख्याध्यापक पॅनेलला अभ्रा शिवून घेतात आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी व तपासणी या मुहूर्तांवर तो काढतात. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. खरे तर हा हिशेबीपणा आहे. जी वस्तू बिघडली तर दुरुस्त करायला पैसे नाहीत आणि डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी करायची तर कागदांची चळत लागते, ती सांभाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ती न वापरणे. वीजबिल थकले म्हणून डिजिटल म्हणवणाऱ्या शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या मराठी वाचकाला नव्या नाहीत. यू-डायस प्लसच्या २०२४-२५च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या जवळपास ६५ टक्के शाळांत संगणक आहे आणि ६३ टक्क्यांहून अधिक शाळांत इंटरनेट. आकडे वाढते आहेत, आनंद आहे. त्यातून वस्तू आहे की नाही ते कळते. आठवड्यातून किती वेळ मुलाचा हात तिला लागला ते कळत नाही.

यावर आपले उत्तर ठरलेले आहे. सरकार एकटे कुठे कुठे पुरे पडणार, समाजाने पुढे यायला हवे. बरोबर. समाज पुढे येतोही. पण त्याने कुठे पुढे यावे हे आपण ठरवून ठेवले आहे. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चायला सांगितले, आणि खर्च करताना आपल्या परिसराला प्राधान्य द्या, असेही त्याच कलमात म्हटले. हेतू चांगलाच. परिणाम असा की चाकण-रांजणगावच्या आसपासच्या शाळेला दाता शोधत हिंडावे लागत नाही. धडगाव, अक्कलकुवा, धारणीसारख्या दुर्गम भागात मोठे कारखानेच नाहीत, तर प्राधान्य कुठून येणार? २०२३च्या दत्तक शाळा योजनेत ग्रामीण भागातली शाळा ५० लाखांच्या मदतीवर पाच वर्षांसाठी आणि १ कोटीच्या मदतीवर दहा वर्षांसाठी दत्तक घेता येते. मदत रोख चालत नाही, आणि दात्याची इच्छा असेल तर त्याने सुचवलेले नाव शाळेच्या नावाला जोडता येते. रोखीला पाय फुटतात, तेव्हा ती नको हे समजू शकते. पण नाव लागणार म्हटल्यावर दाता नाव लावता येईल अशीच वस्तू निवडणार. संगणक कक्ष आईवडिलांच्या स्मरणार्थ देता येतो. तीन वर्षांचे वीजबिल कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ भरल्याचे अजून ऐकिवात नाही.

लोकसहभागाचा अर्थ वर्गणी, हे समीकरण महाराष्ट्रात तरी शोभत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, आणि मुष्टिफंडात घरोघरचे मूठमूठ धान्य गोळा केले. पैशात मोजले तर ती मूठ किरकोळ. पण ज्या घरातून ती जाते ते घर संस्थेचे नुसते देणगीदार न राहता मालक होते. शिवाय मुले स्वतः राबत होती, स्वयंपाक करत होती, कमवत शिकत होती. आज कायदा याहून पुढे गेलेला आहे, हे आपल्या भाषणात येत नाही म्हणून सांगतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक घेतले, निम्म्या स्त्रिया घेतल्या आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम तिच्याकडे सोपवले. म्हणजे पॅनेल हवा, की कुंपण, की संध्याकाळी मुलांचे वाचन घेणारी गावातली बारावी झालेली मुलगी हवी, हे ठरवणे समितीचे काम. व्यवहारात समितीला प्रोसिडिंगवर सह्या करायला बोलावतात आणि पॅनेल आला की स्वागताला उभे करतात. गावात गवंडी असतो, वायरमन असतो, बचत गटाचे हिशेब चोख ठेवणारी बाई असते. त्यांच्याकडून शाळा पन्नास-शंभर रुपये घेते. त्यांचे डोके आणि हात घेत नाही.

नवोपक्रम म्हणजे खरेदी, हे दुसरे समीकरण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे केले त्यात खरेदीचा भाग नगण्य होता. माँटेसरीची साधने महाग, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखायला जात होती. मग शाळाच कुरणावर गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. गुरे इकडे चरताहेत, मुले तिकडे मोजणी शिकताहेत. हिचे उद्घाटन कसे करणार? शाळेला दार नाही, दाराला फीत नाही. जुने दाखले नको असतील तर अलीकडचे घ्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेची २०२५ साली जगभर वाहवा झाली ती प्रामुख्याने एका पद्धतीमुळे. वेगवेगळ्या वयाची मुले तिथे एकमेकांना शिकवतात. या पद्धतीची निविदा काढता येत नाही, हा तिचा मोठाच दोष.

इथे आपण माझ्यावर उलटणार हे मला ठाऊक आहे. शहरातल्या मुलाच्या हातात टॅब असावा आणि खेड्यातल्याने शिंपले मोजत बसावे, असे तुमचे म्हणणे आहे काय? नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. गरिबाच्या मुलाला यंत्र हाताळायला मिळण्याची जागा शाळाच असते. प्रश्न यंत्र द्यावे की नाही हा नसून यंत्राभोवती काय असावे हा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेला हा माणूस शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया शिकवू लागला, आणि विज्ञान त्या कामातून. मुले गावाची कामे करत आणि त्याचे पैसे घेत. याच पाबळला २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब आली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणी-कोरणीच्या यंत्रांची अशी लॅब जगातल्या बहुतेक विद्यापीठांच्या आधी शिरूर तालुक्यात पोहोचली. पण ती पोहोचली तेव्हा तिथे जवळजवळ वीस वर्षांची कार्यशाळा चालू होती, शिकवणारे हात होते आणि गावाची गरज दारात उभी होती. उलट उदाहरण पेरू देशाचे. त्या सरकारने ८ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांसाठी घेतले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला तेव्हा सुमारे सव्वा वर्षानंतर गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. यावरून यंत्र फुकट गेले असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही, कारण दिल्लीचा अनुभव वेगळा आहे. तिथे सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतरच्या केंद्रात मुलाची खरी पातळी ओळखून प्रश्न देणारे सॉफ्टवेअर दिले, आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी दोन्हीत चांगली वाढ दिसली. फक्त त्या दीड तासातला निम्मा वेळ छोट्या गटाला शिकवणारा माणूस समोर बसलेला होता. यंत्र दोन्हीकडे होते. माणसाचा राखून ठेवलेला वेळ एकीकडेच होता.

आणि वेळ हीच शाळेतली सर्वांत टंचाईची वस्तू आहे. कलबाग, ताराबाई ही असामान्य माणसे, त्यांच्यावर व्यवस्था कशी चालणार, असेही आपण म्हणाल. चालणार नाही, कबूल. पण पाबळचा अभ्यासक्रम पुढे राज्याच्या माध्यमिक मंडळाने विषय म्हणून मान्य केला आणि आठवड्यातला एक दिवस कामाला देऊन तो साध्या गावच्या शाळांनी चालवला. तेव्हा असामान्याचे सामान्य करता येते, त्यासाठी वेळापत्रकात जागा मात्र करावी लागते. ती जागा आपण काय काय भरून ठेवली आहे ते पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे लावता येतात. निवडणूक या एका शब्दात वर्षभराची मतदारयादी मावते, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. शिवाय पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, अपार आयडी, यू-डायस, सरल, आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर. नवोपक्रमासाठी वेळ उरत नाही, पण नवोपक्रम स्पर्धेसाठी अहवाल लिहायला हवा: गरज व महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, यशस्विता, परिशिष्टे. यात अयशस्विता असे शीर्षक नाही, हे मला सर्वांत खटकते. ज्याला चुकण्याची मुभा नाही तो नवे काय करणार? महाविद्यालयात याहून सोय आहे. तिथे नॅकसाठी नवोपक्रम परिषद, हॅकेथॉन आणि सामंजस्य करारांची फाईल तयार असते, आणि पदे रिक्त असल्यामुळे शिकवायला तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक असतात. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. संध्याकाळी प्रयोगशाळेत एखाद्या मुलीच्या अडलेल्या सर्किटशेजारी बसून घालवलेला तास कुठल्याच बिलात धरत नाहीत.

न्यायाने सांगायचे तर सरकारला हे मुळीच कळत नाही असे नाही. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांचे अनुदान ठरले, तेव्हा त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षे ती चालवायला, अशी विभागणी केली होती. फीत कापल्यानंतरचा खर्च कागदावर आणणारी ही दुर्मीळ योजना. उणे दोनच. मूळ अटीत मैदानी भागात सुमारे दीड हजार चौरस फुटांची जागा होती, म्हणजे दोनखोली शाळा दारातच बाद. आणि लॅब सांभाळायची शाळेतल्याच विज्ञानशिक्षकाने, आपले तास सांभाळून. २०२५च्या अर्थसंकल्पात अशा ५० हजार लॅब पाच वर्षांत सरकारी शाळांत उभारण्याची घोषणा झाली आहे. आपल्या कात्रीला पुढची पाच वर्षे उसंत नाही.

म्हणून एक किरकोळ मागणी. आपल्या हस्ते बसणाऱ्या कोनशिलेवर आपले नाव, प्रमुख पाहुण्यांचे नाव, तिथी, मिती आणि शुभेच्छुक हे सगळे ठेवा. त्याखाली दोन ओळी वाढवा. पहिलीत, या वस्तूचे वीज-नेट-दुरुस्तीचे पाच वर्षांचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून मिळतील. दुसरीत, ती चालवण्यासाठी कोणत्या शिक्षकाचे आठवड्याचे किती तास मोकळे केले आणि त्याबदल्यात कोणती कामे काढून घेतली. या ओळी काय असाव्यात ते शाळा व्यवस्थापन समितीला ठरवू द्या. कोरणारा पाथरवट बहुधा त्याच गावात मिळेल. दोन्ही ओळी भरता येत नसतील तर कार्यक्रम पुढे ढकलावा. मंडपवाल्याला आगाऊ दिलेले पैसे बुडतील, ते आमच्या वर्गणीतून वळते करून घ्यावेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक वर्गणीदार

प्रत माहितीस्तव: शाळा व्यवस्थापन समिती (प्रोसिडिंगला न जोडता वाचून दाखवावी).