चि. नवखे, इयत्ता चौथी

इंग्रजीतल्या मुलांच्या पुस्तकांचं कपाट उघडलं की चि. नवखे भेटल्याशिवाय राहत नाही. कधी तो कोरियाहून आलेला असतो, कधी व्हिएतनामहून, कधी बंगळुरूहून. बहुतेक वेळा तो मुलगी असतो. पण कूळ एकच. अंगात आजीने विणलेला स्वेटर, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं दप्तर आणि अर्धा चेहरा व्यापणारे डोळे. पहिल्या पानावर विमान किंवा बोट, दुसऱ्यावर शाळेचं दार. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं, त्यामुळे दुःखात रेंगाळायला सवड नसते. देश सोडणं, रडणं, मुलांचं हसणं, पहिला बर्फ, पहिली मैत्री आणि शेवटचा समारंभ, सगळं तेवढ्यात उरकायचं. आपल्याकडे तेवढ्या कागदांत रेशनकार्डावरचा पत्तासुद्धा बदलून मिळत नाही.

नवखेचं पहिलं संकट म्हणजे हजेरी. बाई पट उघडतात, नावं सरसर वाचत येतात आणि एका नावापाशी त्यांच्या घशात काहीतरी अडकतं. सगळा वर्ग वळून बघतो. यांगसूक चोई यांच्या ‘द नेम जार’मध्ये (२००१) कोरियन नायिका आपलं नाव सांगतच नाही, आणि मग वर्गातली मुलं तिच्यासाठी नावांच्या चिठ्ठ्या लिहून बरणीत टाकतात. (तिच्या नावाचा देवनागरी उच्चार लिहायचा धीर मलाही होत नाही, तेव्हा बाईंना दोष कुठल्या तोंडाने देऊ?) हेलन रेकॉर्व्हिट्स यांची यून वहीवर स्वतःच्या नावाच्या जागी आधी ‘मांजर’ लिहिते, मग ‘पक्षी’ आणि मग ‘कपकेक’. या सगळ्या साहित्यातला हा मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. नाव बदलायचंच आहे तर निदान खाण्याचं तरी घ्यावं.

नवखे घराण्याचा मूळपुरुष मात्र अस्वल आहे. मायकेल बाँडचा पॅडिंग्टन १९५८ साली पेरूहून बोटीत लपून, मार्मालेडवर दिवस काढत लंडनला पोचला. त्याचं पेरूतलं नाव कुणाला कळेना, म्हणून ज्या स्टेशनवर सापडला त्या स्टेशनचं नाव त्याला दिलं. दादरला उतरलेल्या पाहुण्याला ‘दादर’ म्हणून हाक मारावी आणि त्याने टोपी काढून आभार मानावेत, तसलाच हा प्रकार. बाँडने त्याला आधी आफ्रिकेतून आणलं होतं. तिथे अस्वलं नसतात असं त्याच्या एजंटाने सांगितल्यावर पेरू ठरला. म्हणजे बिचाऱ्याची मायभूमीसुद्धा कागदपत्रांच्या सोयीने ठरलेली. तरी त्याचं नशीब थोर. कोपऱ्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात हंगेरीहून आलेले ग्रूबर आजोबा असतात आणि रोज अकराच्या सुमाराला दोघे परदेशस्थ बन आणि कोको घेत बसतात. इंग्रज माणसाला समजून घ्यायचं तर असं एखादं मंडळ लागतंच.

दुसरं संकट डबा. नवखे जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतो, वास सुटतो, शेजारचा मुलगा नाक दाबतो. इथे लेखकाची लेखणी जी बहरते ती बघत राहावी. घर सोडल्याचं दुःख दोन ओळींत आटोपतं, पण लोणच्याला, किमचीला किंवा मोदकाला पानभर जागा मिळते. अखेरीस ‘विविध देशांचे पदार्थ’ असा दिवस शाळेत साजरा होतो, नाक दाबणारा तोच मुलगा दुसऱ्यांदा वाढून घेतो आणि वंशद्वेषाचा प्रश्न तळणीत सुटतो.

मला या डब्याचाच संशय येतो. चौथीतलं कुठलं पोर पिझ्झा समोर असताना आजीच्या हातच्या आमटीसाठी झुरतं? न्यू जर्सीत एडिसनला राहणारी आपली मुलं बघा. डबा उघडून रडायचं म्हटलं तरी बाकावर शेजारी थेपला असतो आणि पलीकडे इडली, मग नाक कोणी आणि कोणापासून दाबायचं? तिथे आमटीसाठी झुरते ती आई. रविवारी सकाळी मराठी शाळेत जायला पोरगं कुरकुरतं, कारण त्याच वेळी सॉकर असतो. डोळे भरून येतात ते बाराखडी ऐकत बाहेर कॉफी पिणाऱ्या बापाचे. पुस्तकातला नवखे म्हणजे चाळिशीतला कोणीतरी गृहस्थ आहे, दप्तर अडकवून चौथीच्या वर्गात बसवलेला. म्हणून तो इतका समंजस. हट्ट करत नाही, खोटं बोलत नाही, आईवर ओरडत नाही. शिक्षकांचे उच्चार सुधारतो, वर्गमित्रांचे पूर्वग्रह सुधारतो आणि रात्री खिडकीशी बसून चंद्र दोन्हीकडे एकच आहे, हेही त्यालाच आठवतं. इतक्या कामाला मोठ्या माणसाला निदान भत्ता तरी मिळतो.

त्याच्या घरच्यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वडील तिकडे इंजिनिअर आणि इकडे टॅक्सीवर, आई थकलेली, आजी फोनवर.

पण कधी कधी लेखक स्वतःचं बालपण नीट आठवतो आणि मग कपाटातून खरंखुरं कार्टं बाहेर पडतं. बेटी बाओ लॉर्ड स्वतः १९४६ साली चीनहून ब्रुकलिनला आल्या, आठ वर्षांच्या असताना. त्यांच्या पुस्तकातल्या (१९८४) नायिकेने निघण्यापूर्वीच स्वतःसाठी सिनेमातल्या बाल-तारकेचं नाव पसंत केलेलं असतं, शर्ली टेंपल वाँग. बरणीबिरणीची भानगडच नाही. रोज सकाळी झेंड्यापुढे म्हणायची प्रतिज्ञा ती ऐकू येईल तशी ठणकावते, आणि तिची निष्ठा झेंड्याऐवजी बेडकाला वाहिली जाते. वर्गातली सगळ्यांत दांडगट मुलगी तिचे दोन्ही डोळे काळे-निळे करते. शर्ली घरी त्या मुलीचं नाव सांगत नाही, आणि तेवढ्यावर दोघींची गट्टी जमते. कुठलाही पदार्थ-दिवस न भरवता.

थान्हा लाय यांच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ची (२०११) दहा वर्षांची नायिका तर मला शेजारी राहायला आली तरी चालेल. व्हिएतनामी नववर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल मुलाचं पडलं तरच वर्ष चांगलं जातं, असा समज. ही बया भाऊ उठायच्या आधी गुपचूप उठून पायाचा अंगठा फरशीला टेकवते. पुढे सायगाव पडतं, १९७५ साली कुटुंब अलाबामात येऊन पोचतं. तिला पपईची आठवण येते म्हणून कुणी माणुसकीने सुकवलेल्या पपईचं पाकीट आणून देतं. आदर्श नवखेने ते छातीशी धरलं असतं. ही ते कचऱ्यात टाकते. केली यांग यांची मिया (‘फ्रंट डेस्क’, २०१८) हिला तर उसासे टाकायला वेळच नाही; आईबाप मोटेलच्या खोल्या साफ करत असतात आणि काउंटर दहा वर्षांची मिया सांभाळते.

पण नवखे घराण्याची खरी अब्रू काढली आहे ती ‘सेव्ह मी अ सीट’ने. सारा वीक्स आणि गीता वरदराजन यांचं हे पुस्तक २०१६चं. भाग पाडलेत ते शाळेच्या कॅन्टीनच्या आठवड्याच्या मेनूवर. बंगळुरूचा रवी न्यू जर्सीत पाचवीत येतो. तिकडे पहिला नंबर, क्रिकेटमध्ये तरबेज. इकडे त्याचे उच्चार ऐकून बाई त्याला जादा मदतीच्या वर्गात पाठवतात. वर्गात आणखी एक भारतीय वंशाचा मुलगा असतो, तो आपला जिवलग होणार याची रवीला खात्री. तोच त्याला छळतो. हे सोसता सोसता रवीला आठवतो बंगळुरूच्या वर्गातला रामस्वामी. त्याला हसणाऱ्यांत रवी पुढे होता.

हे वाचलं आणि मला एकदम अलाबामा, ब्रुकलिन सोडून सदाशिव पेठेतली एखादी शाळा दिसायला लागली. जून महिना, मागच्या बाकावर बीडहून बदलून आलेल्या तलाठ्याचा मुलगा. पासपोर्ट नाही, विमान नाही, राज्यही तेच. तो उभा राहून ‘पानी’ म्हणतो आणि चाळीस पोरं फिदीफिदी हसतात. बाईसुद्धा. डब्यात भाकरी. त्याच्यासाठी बरणी कोणी ठेवत नाही, नाव वर्गच ठेवतो आणि ते दहावीपर्यंत टिकतं.

या नवखेवर ३२ पानी चित्रपुस्तक कोणी काढलेलं नाही, पण त्याचं वाईट झालं असं समजू नका. वर्षभरात त्याचा ‘ण’ बाईंपेक्षा शुद्ध झाला. आता कोथरूडला त्याचा थ्री बीएचके आहे, सोसायटीचा तो सेक्रेटरी आहे, आणि बाहेरून येणाऱ्या भाडेकरूंच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात येतो हा विषय दर महिन्याच्या सभेत तोच मांडतो.