वन-वे की टू-वे?

तेल शोधणाऱ्या आमच्या बेलापूरच्या ऑफिसात कोणी व्हेलॉसिटीची, म्हणजे खडकांतल्या ध्वनीच्या वेगाची, फाइल घेऊन आलं, की सर चष्मा कपाळावर चढवतात आणि फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडतात. सॉफ्टवेअरवर त्यांचा राग नाही. ते फार भिडस्त आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. कॉलमची अदलाबदल केलीत तरी ते निमूट गिळतं आणि वर ‘इम्पोर्ट सक्सेसफुल’ म्हणतं.

मग उलटतपासणी. “वेळ वन-वे की टू-वे?” सिस्मिकमधली वेळ ध्वनी खडकापर्यंत जाऊन परत येण्याची, विहिरीतल्या चेकशॉटची बऱ्याचदा नुसती जाण्याची. “वेग ॲव्हरेज की इंटर्व्हल? खोली समुद्रसपाटीपासून की रिगवरच्या केली बुशिंगपासून?” आणि शेवटी, “झोन कोणता?” इथे नव्या पोरांची विकेट हमखास पडते. मुंबई नकाशाच्या यूटीएम पद्धतीतल्या ४३ व्या झोनमध्ये. पण १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगला तेल लागलं ते मुंबई हाय ७२ रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे ४२ मध्ये. सवयीने ४३ टाकलं, की भर समुद्रातली विहीर नांदेडच्या आसपास उगवते. सॉफ्टवेअर तेव्हाही हूं की चूं करत नाही.

एका पठ्ठ्याने फुटांतला ८२०० चा वेग मीटरमधला समजून चढवला. सर नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. “हा वेग प्रावरणातला. आपल्याला तेल हवंय, पाताळ नकोय.” दुसऱ्याने रिकाम्या जागी भरलेला उणे ९९९.२५ हा आकडाही वेग म्हणून घेतला, तेव्हा मात्र त्यांनी डबा न खाताच बंद केला.

बरं, हे खूळ ऑफिसातच सुटावं ना! मागे उलव्याला फ्लॅट बघायला मला बरोबर घेऊन गेले. ब्रोशरवर ठळक अक्षरांत : ‘विमानतळ फक्त १० मिनिटांवर’.

“वेळ दिलीत, वेग कुठाय?” सरांनी सेल्सच्या पोराला विचारलं. “वेगाशिवाय अंतर काढू कसं?”

“गाडीने, सर.”

“तो ॲव्हरेज झाला. मधल्या सिग्नलपाशी इंटर्व्हल काय? आणि मोजलंत कुठून, गेटपासून की लिफ्टपासून?”

“गेटपासूनच असणार, सर.”

“असणार म्हणजे? हेडरमध्ये लिहायला नको? बरं, ही १० मिनिटं वन-वे की टू-वे?”

पोराचा चेहरा खुलला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याला येणारा प्रश्न आला होता. “टू-वे, सर! मध्ये डिव्हायडरपण आहे.”

सरांनी दहाला दोनने भागावं तसा चेहरा केला. पोराने घाईघाईने फॉर्म पुढे ओढला. “सर, आपण काय करता?”

“व्हेलॉसिटी लोड करतो.”

त्याने व्यवसायापुढे ‘ट्रान्सपोर्ट’ लिहिलं आणि दोन पार्किंगचा रेट सांगायला सुरुवात केली.