तिजोरीच्या रक्षणकर्त्यास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री माईक ब्राऊनसाहेब,
मालक, सिनसिनाटी बेंगल्स,
मुक्काम सिनसिनाटी, ओहायो यांस,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेली अठरा वर्षं मी आपल्या गावात राहतो, आपल्या टीमचे काळे-नारिंगी पट्टे अंगावर मिरवतो, आणि आपले आभार मानायचे मात्र राहूनच गेले. आमच्या सांगलीकडची म्हातारी माणसं सांगत, या जन्मी ऋण फेडलं नाही तर पुढच्या जन्मी सावकाराच्या दारी बैल व्हावं लागतं. या जन्मी बेंगल्सचा प्रेक्षक झालो आहे. आणखी बैल नको, म्हणून हा कागद.

सुरुवात 1991 पासून करतो. त्या वर्षी 24 जुलैला दिल्लीत मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि आमच्या देशानं तिजोरीचं दार किलकिलं केलं. बाराच दिवसांनी, 5 ऑगस्टला, आपले वडील पॉल ब्राऊन वारले आणि टीमच्या किल्ल्या आपल्या कनवटीला आल्या. तिकडचं दार उघडलं, इकडचं लागलं. त्याच वर्षी जानेवारीत टीमनं ह्यूस्टनला 41–14 असं लोळवून बादफेरीतला सामना जिंकला होता. त्यानंतरचा बादफेरीतला विजय पाहायला 15 जानेवारी 2022 उजाडावा लागला. मधल्या एकतीस वर्षांत आपण अख्ख्या शहराला जी अनासक्ती शिकवलीत, तिच्यासाठी लोक इगतपुरीला जाऊन दहा-दहा दिवस मौन धरतात. आम्हाला ती सोफ्यावर बसून लाभली.

मार्विन लुईस यांच्याबद्दलही आभार. सोळा हंगाम प्रशिक्षक, बादफेरीत सात सामने, सातही हरले. दुसऱ्या एखाद्या उतावळ्या मालकानं मध्येच निरोप दिला असता, मग जुन्याचा उरलेला पगार भरा, नव्याचा सुरू करा! आपण असल्या उधळपट्टीच्या वाटेला गेला नाहीत.

आता आपल्या लाडक्या विषयाकडे येतो. सॅलरी कॅप. टीमला एक चांगला माणूस आणा म्हटलं की आपली बाजू घेणारे सद्गृहस्थ हात जोडून सांगतात, “काय करणार, कॅप आहे ना!” ‘मालक तयार आहेत, पण डॉक्टरांनी गोड बंद केलंय’ अशा सुरात.

मागच्या वर्षी माझी आई सांगलीहून आली होती. तिला अमेरिकन फुटबॉलमधलं एवढंच कळतं की चेंडू लंबगोल आहे आणि मुलं फार धडपडतात. तिनं विचारलं, “कॅप म्हणजे काय रे?” मी सांगितलं, खेळाडूंच्या पगारावर लीगनं घातलेली मर्यादा. 1994 मध्ये सुरू झाली तेव्हा टीममागे 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख झाली. सगळ्या टीमना सारखीच. आई म्हणाली, “मग त्या जिंकलेल्या फिलाडेल्फियावाल्यांना कशी पुरते?”

साहेब, या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी आईला जे सांगितलं ते आपल्यालाही ऐकवतो, चूकभूल द्यावी घ्यावी. कॅप ही वाण्याच्या वहीतली मर्यादा आहे, खिशातली नव्हे. खेळाडूला सही करताना 5 कोटी बोनस रोख दिला, तर तो पैसा आजच त्याच्या खात्यात जातो, पण कॅपच्या वहीत तो पाच वर्षांवर वाटून दरसाल एकेक कोटी मांडता येतो. म्हणजे आज पाच खर्चून वहीत एकच दिसतो. कॅप जवळजवळ दरवर्षी वाढत जाते, त्यामुळे पुढचे हप्तेही हलके होत जातात. वर्षअखेर कॅपमध्ये जागा उरली तर तीही पुढच्या वर्षी नेता येते. फिलाडेल्फियाचे लोक हा हिशेब वर्षानुवर्षं करत आले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल घेऊन गेले. त्यांची वही आणि आपली वही एकाच छापखान्यातली. फरक एवढाच, की या युक्तीला आज रोख लागते.

आणि रोख! तिचा विषय काढताना संकोच वाटतो. आपला पिढीजात धंदा टीमचाच, इतर मालकांसारखं तेल नाही, सॉफ्टवेअर नाही, हे मी जाणतो. फोर्ब्सच्या 2025 च्या यादीत आपली टीम सगळ्यांत तळाशी होती. तळाशी म्हणजे किंमत फक्त 5 अब्ज डॉलरच्या वर. त्या तळाशी बसायला मी आनंदानं तयार आहे, पण ते असो.

आपले हिशेब आपण दाखवत नाही, तो आपला हक्क. पण ग्रीन बेची टीम भागधारकांची असल्यानं त्यांचा ताळेबंद दरवर्षी छापून येतो. लीगच्या टीव्हीसारख्या सामाईक उत्पन्नातून प्रत्येक टीमला सारखाच वाटा मिळतो, तेव्हा त्यांचं पासबुक पाहिलं की तेवढं आपलंही दिसतं. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात हा वाटा होता 43 कोटी 26 लाख. त्या हंगामाची कॅप होती 25 कोटी 54 लाख. म्हणजे एक तिकीट फाटायच्या आधी, बिअरचा एक ग्लास भरायच्या आधी, खेळाडूंचे पगार निघून वर पावणेअठरा कोटी शिल्लक. प्रशिक्षकांचे पगार, विमा, विमानं, सगळं मान्य, ते त्यातूनच जातं. पण आमच्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आपण भल्यामोठ्या गादीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेले पाहिले की काळजी वाटते, थंडी तर नाही ना वाजत?

आपण नियम मोडलात असं मात्र कुणी म्हणू नये. तीन वर्षांच्या मिळून कॅपच्या 90 टक्के तरी रोख खर्च करायला हवी असा दंडक आहे, आणि कमी पडलं तर फरक खेळाडूंनाच वाटून द्यावा लागतो. म्हणजे वाचवूनही वाचत नाही! हे कलम घालणाऱ्या माणसाला आपण कधी भेटलात का? मला तो आपल्या घराण्याला ओळखणारा वाटतो.

हमी देण्याबाबत आपला जो संयम आहे, त्याचं वर्णन करायला माझी लेखणी अपुरी आहे. लीगचा एक जुना नियम असा की पुढच्या वर्षांच्या पगाराची पक्की हमी दिली तर त्यातली मोठी रक्कम आधीच लीगकडे बाजूला काढून ठेवावी लागते. इतर मालक कुरकुरत ठेवतात. आपण शतकानुशतकांच्या रिवाजासारखं सांगत आलात, की पहिल्या वर्षापुढची हमी आमच्या घराण्यात बसत नाही. चेंडू फेकणाऱ्या जो बरोला 2023 मध्ये 27 कोटी 50 लाखांचा करार देताना आणि तो झेलणाऱ्या जमार चेसला 2025 मध्ये 16 कोटी 10 लाखांचा देताना आपल्याला काय यातना झाल्या असतील, त्याची कल्पना आम्हाला आहे. ते दोन्ही दिवस आमच्या घरी पुरणपोळी झाली. आपल्या घरी बहुधा उपास असेल.

शेमार स्टुअर्टचं प्रकरण तर मी मुलाला मराठी व्याकरण शिकवताना वापरतो. 2025 च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा आपला खेळाडू. नवोदितांचे आकडे 2011 पासून जवळजवळ ठरूनच येतात, त्यामुळे रकमेवर भांडायला फारशी जागाच नाही. तरीही आपण जागा काढलीत. हमी कोणत्या परिस्थितीत रद्द व्हावी या कलमाच्या शब्दरचनेवरून वसंतापासून जुलै अखेरीपर्यंत बोलणी चालली, आणि पोरगा सरावाशिवाय राहिला. वाक्यरचनेवर इतकं प्रेम करणारा माणूस मी पुण्यातही पाहिला नाही.

त्याच उन्हाळ्यात ट्रे हेंड्रिक्सनही दारात उभा होता. प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आधीच आडवं करायचं, त्याला सॅक म्हणतात. हे त्यानं 2023 मध्ये साडेसतरा वेळा केलं, 2024 मध्ये पुन्हा साडेसतरा वेळा, आणि त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. आपण त्याला पुष्कळ ताटकळवून ऑगस्टमध्ये 1 कोटी 40 लाखांची वाढ दिलीत. त्या एका वर्षापुरती. गड्याला दिवाळीची ओवाळणी द्यावी, पण पगारात धरू नये, तशी.

या काटकसरीची फळं आम्ही मैदानावर चाखली, आणि इथे मला जरा जास्त लिहावं लागेल, कारण असला मेवा इतरांच्या नशिबी नाही. 2024 मध्ये बरोनं 4,918 यार्ड आणि 43 टचडाउन फेकले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. चेस झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत पहिला. एवढं घरात असताना आपण हरलो कसे, ते पाहा: वॉशिंग्टनकडून 38–33, बाल्टिमोरकडून 41–38, परत बाल्टिमोरकडून 35–34, पिट्सबर्गकडून 44–38. तेहेतीस, अडतीस, चौतीस, अडतीस गुण करून हार! पुढच्या वर्षी तोवर एकही सामना न जिंकलेल्या जेट्सनी आपल्याच अंगणात येऊन 39–38 नं मात दिली, आणि पुढच्याच आठवड्यात शिकागोनं 47–42. पुढचं दार शिसवी, पितळी कड्यांचं, मागचं गोणपाटाचं. बचावफळीवर खर्च करायचा राहून गेला असेल. चालायचंच, कॅप आहे ना.

त्या जेट्सच्या सामन्यानंतर माझा मुलगा बरोचा नऊ नंबरचा शर्ट घालूनच झोपला. आईनं अंधारात मला विचारलं, “त्या मालकांची परिस्थिती बेताची आहे का रे?” मी कूस बदलली.

खेळाडूंच्या आरोग्याची आपण घेतलेली काळजीही विसरता येणार नाही. 2023 मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं सगळ्या टीमचं प्रगतिपुस्तक काढलं, त्यात जेवणाखाण्याच्या विषयात आपल्याला नापासाचा शेरा मिळाला. सव्वाशे-दीडशे किलोची माणसं. रात्रीचं हलकंच असलेलं बरं. आणि 2022 पर्यंत छपराखाली सराव करायला आपली स्वतःची जागा नव्हती. ओहायोच्या डिसेंबरात ही मंडळी बसमध्ये बसून विद्यापीठाच्या हवा भरलेल्या तंबूत, म्हणजे फुग्यात, सरावाला जात. पुढे आपण स्वतःचाही बांधलात. तोही फुगाच.

माझ्यासारख्या क्षुद्र करदात्याला आपण या यज्ञात समिधा टाकायची संधी दिलीत, हे ऋण तर फिटणारं नाही. 1996 मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी स्टेडियमसाठी डॉलरमागे अर्धा सेंट विक्रीकर मान्य केला. मी इथे आल्यावर घेतलेला पहिला प्रेशर कुकर, मुलाची सायकल, आमच्या हिची शिलाई मशीन, प्रत्येकात आपला अर्धा सेंट आहे. आपल्या जुन्या भाडेकरारात तर असंही कलम होतं, की पुढेमागे त्रिमितीत हवेत तरंगणाऱ्या फेरदर्शनाचं यंत्र निघालं तर त्याचा खर्च काउंटीनं करावा. दूरदृष्टी म्हणतात ती ही! अस्तित्वात नसलेल्या यंत्राची हमी आपण 1997 मध्ये लिहून घेतलीत. अस्तित्वात असलेल्या खेळाडूला मात्र पुढच्या वर्षाची हमी देणं कठीण. 2025 च्या नव्या करारात 47 कोटींच्या डागडुजीपैकी काउंटीच्या वाट्याला 35 कोटी आले. म्हणजे कुकर घेत राहायला हवेत.

2022 मध्ये त्या स्टेडियमवरची ‘पॉल ब्राऊन’ ही पाटी उतरली आणि एका पगारपत्रकं बनवणाऱ्या कंपनीची चढली. आमच्याकडे वडिलांच्या नावानं पाणपोई घालतात. आपण वडिलांच्या नावाची जागा भाड्यानं दिलीत. बाकी पगारपत्रकांचीच कंपनी निवडलीत, ही विनोदबुद्धी मला आवडली.

लेक, जावई सगळे कारभारात आहेत, त्यांनाही नमस्कार सांगावा. एकत्र कुटुंबाची जी पद्धत आमच्याकडे मोडीत निघाली ती आपण जपलीत. अत्र्यांनी मोलिएरवरून ‘कवडीचुंबक’ नावाचं नाटक लिहिलं होतं. त्याचा इथे काही संबंध नाही, सहज आठवलं.

एक गोष्ट कबूल न करणं पाप होईल. 2020 आणि 2021 मध्ये आपला हात अचानक सैल सुटला होता. डी. जे. रीडरला 5 कोटी 30 लाख, मग हेंड्रिक्सनला 6 कोटी, बचावफळीत भराभर माणसं आली. आणि लगेच 13 फेब्रुवारी 2022 ला आम्ही सुपर बोलमध्ये होतो, लॉस एंजेलिसकडून तीनच गुणांनी हरलो. तेव्हा आपल्याला खर्च करता येत नाही असं म्हणणारे खोटारडे आहेत. उत्तम येतो. त्याच बचावफळीतल्या जेसी बेट्सला पुढच्याच वर्षी अटलांटाला जाऊ दिलंत तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला, की चला, साहेबांची तब्येत पूर्वपदावर आली.

तरी मायबाप, विनंती एवढीच, की यंदा कॅपची सबब सांगताना जरा हळू आवाजात सांगावी. आई पुन्हा येणार आहे, आणि तिला आता हिशेब कळायला लागला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक व अर्ध्या सेंटाचा भागीदार,
एक पट्टेदार प्रेक्षक

ता. क. : उत्तरासाठी आपल्याला खर्च पडू नये म्हणून पत्ता लिहिलेलं पाकीट सोबत जोडलं आहे. त्यावर ‘फॉरेव्हर’ तिकीट लावलं आहे. याचे पैसे आजच भरलेले असतात, आणि पुढे टपालखर्च कितीही वाढला तरी ते चालतं. असली वस्तू आपण पूर्वी हाताळली नसेल, म्हणून खुलासा केला.