फाईल आहे, पण सापडत नाही

वसमत-हिंगोलीच्या हळद व्यापाऱ्याची वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली, की १ ऑगस्ट २०२३पासून दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे बिल फाडताना त्याला ई-इन्व्हॉइस करावं लागतं. बिल सरकारी पोर्टलकडे जातं, तिथून नोंदणी क्रमांक येतो, मग ट्रक हलतो. पण बिल उघडं पाठवायचं नसतं. आपण बत्तीस बाइटची एक किल्ली बनवायची, ती पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीनं आरएसए पद्धतीनं बंद करून धाडायची, उलट टपाली सत्रापुरती दुसरी किल्ली येते आणि तिनं बिलाला एईएस-२५६चं कुलूप लावायचं. ऐकायला भयंकर वाटतं, लिहायला पानभर कोड. आरएसएचं गणित १९७७चं आहे आणि ते आजवर एकदाही माझ्यावर रुसलेलं नाही. गणिताबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती हे गणित ज्या फायलीत भरलेलं असतं, ती फाईल माझ्या प्रोग्रामला दिसण्याबद्दल.

या फायलींचं घराणं म्हणजे ओपनएसएसएल. निम्म्या जगाच्या कुलपांचा धंदा यावर चालतो आणि सगळं फुकट मिळतं, म्हणून मोठ्यानं ओरडायचीही सोय नाही. विंडोजवर हे घराणं तयार फायली स्वतः देत नाही. मूळ कोड देतं. तो बांधायला आधी पर्ल नावाची वेगळीच भाषा संगणकावर बसवावी लागते. हळदीचं बिल सी++ मध्ये, पोर्टल दिल्लीच्या हुकुमानं चालणारं, आणि मध्ये पर्ल. मी बसवली. कुणीतरी तिसऱ्यानं बांधून ठेवलेल्या फायली उतरवून घेता येतात, पण व्यापाऱ्याचं कुलूप अनोळखी माणसाकडून आणायला मन धजत नाही.

मग लिंकर, म्हणजे माझा कोड आणि या फायली सांधणारा. तालुक्याच्या कचेरीतल्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला लिनक्सवरचा लिंकर समजावून सांगावा लागत नाही. तो कागद डावीकडून उजवीकडे एकदाच बघतो. ओपनएसएसएलच्या दोन स्थिर लायब्ऱ्या द्यायच्या तर एसएसएल आधी, क्रिप्टो नंतर. उलट दिलं तर ‘अनडिफाइंड रेफरन्स’. कागद दोन्ही तेच, तुम्हीही तेच. पण क्रम चुकला, आणि चुकला हे मात्र तो सांगणार नाही.

विंडोजवर इमारत उभी राहते, दार उघडताना पडते. ‘लिबक्रिप्टो-३-एक्स६४.डीएलएल सापडली नाही. प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण सुटू शकेल.’ प्रोग्राम मीच लिहिलेला. माझ्याकडून घेऊन मलाच पुन्हा देण्यानं काय सुटणार, ते खुलासेवार लिहिलेलं नाही. शेजारी बसलेले व्यापारी दादा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, फाईल तर इथंच हाय की. मग कामून सापडंना?” प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की फाईल असते, पण विंडोज ज्या फोल्डरांत शोधतं त्यांत ती नसते, आणि कुठं शोधलं ते विंडोज सांगत नाही. किंवा फाईल बत्तीस बिटांची आणि प्रोग्राम चौसष्टचा असतो. तेव्हा शून्य-एक्स-सीनं सुरू होणारा एक क्रमांक येतो आणि खाली एकच बटण: ‘ओके’. त्यातून चौसष्ट बिटांच्या सिस्टीम फायली राहतात ‘सिस्टीम३२’ नावाच्या फोल्डरात, आणि बत्तीस बिटांच्या ‘सिसवॉव६४’मध्ये. हा विनोद नाही, हा पत्ता आहे.

नावांचंही तसंच. जुन्या फायलीचं नाव लिबईएवाय३२. त्यातलं ‘ईएवाय’ म्हणजे एरिक ए. यंग या मूळ लेखकाची आद्याक्षरं. २०१६च्या १.१.० आवृत्तीत ते नाव गेलं, आतल्या काही फंक्शनांची नावंही बदलली. मग १.१.१ आली, आणि तिच्यानंतर थेट ३.०. मधली दोन कुठं गेली विचाराल तर तो आकडा आधीच दुसऱ्या एका मोड्यूलनं वापरला होता. पाच कोटींचा नियम लागू झाला १ ऑगस्ट २०२३ला, १.१.१ची देखभाल बंद झाली ११ सप्टेंबर २०२३ला. म्हणजे ज्या मोसमात छोट्या व्यापाऱ्यांना कुलूप सक्तीचं झालं, त्याच मोसमात चालू कुलूप जुनं ठरलं. योगायोगावर माझा विश्वास बसत चालला आहे.

सगळं जुळल्यावर प्रोग्राम चालू होतो, किल्लीची फाईल उघडतो आणि ‘नो ओपनएसएसएल अ‍ॅपलिंक’ म्हणून मान टाकतो. त्यासाठी अ‍ॅपलिंक नावाची आणखी एक सी फाईल मुख्य प्रोग्रामात घ्यायची असते. ती घेतली. का घ्यायची असते हे व्यापारी दादांनी विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. तिथं चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक फरक मोजायचा आहे. विज्ञानाची ही झेप मला मान्य आहे. वसमतमध्ये मात्र प्रोग्रामला शेजारच्या फोल्डरातली पाच एमबीची फाईल दिसलेली नाही.

म्हणून जगभरातल्या लिंकर आणि प्रोग्राम सुरू होताना फायली शोधणारे लोडर लिहिणाऱ्यांना हिंगोली जिल्ह्यातून नम्र विनंती: ‘सापडली नाही’ असं खुशाल लिहा, पण फाईल कुठं कुठं शोधली, तेवढं त्याच चौकटीत खाली लिहा. ‘ओके’च्या बटणाशेजारी जागा भरपूर आहे.