हत्यारबंद

खंडेनवमीला आमच्या घरी ड्रिल मशीनची पूजा झाली. बायकोने हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. घेतल्यापासून ते पेटीबाहेर निघण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून इथे लिहितो.

सुतार त्याच्या सामानाला 'हत्यारं' म्हणतो, आम्ही 'टूल्स' म्हणतो. हत्यारं गोणपाटाच्या पिशवीत एकमेकांवर आपटत येतात. टूल्सना प्रत्येकी वेगळा कप्पा लागतो. सुताराची पटाशी धार लावून लावून निम्मी झालेली असते आणि रंध्याची मूठ त्याच्या तळव्याच्या आकाराची. माझ्या पेटीत एकशे आठ नग आहेत. जपमाळेचे मणीही तितकेच, आणि उपयोगही तोच. हातात घेऊन बसलं की मनाला बरं वाटतं.

ड्रिलच्या बाबतीत मात्र 'हत्यार' हाच शब्द बरोबर आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर या दोघांनी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट १९१७ साली मिळवलं. मुठीची कल्पना सुचली ती कोल्ट पिस्तुलावरून. पुढे दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातले कामगार ही ड्रिलं घरी नेऊन स्वतःची कामं उरकू लागले. ब्लॅक आणि डेकर यांच्या कंपनीने त्यात चोरी पाहण्याऐवजी गिऱ्हाईक पाहिलं आणि १९४६ मध्ये घरगुती वापराची ड्रिलं बाजारात आणली. म्हणजे तिकडे ज्यांच्या हाताला ड्रिलची सवय होती, त्यांनी ते घरी नेलं. इकडे ज्यांच्या हाताला फक्त माऊसची सवय, त्यांच्या घरी ते कुरियरने येतं.

तिकडे मजुरी महाग, म्हणून माणसं स्वतः कामाला लागली. आपल्याकडे प्लंबर परवडतो, फक्त येत नाही. 'आपलं काम आपण करा' ही आमची चळवळ महागाईतून जन्मली नसून 'उद्या सकाळी येतो साहेब' या वाक्यातून जन्मली आहे.

मला पडद्याचा रॉड लावायचा होता. दोन ब्रॅकेट, चार भोकं. आता बायकोच्या माहितीत नसलेली एक गोष्ट सांगतो. रॉडची गरज ड्रिल पाहिल्यानंतर निर्माण झाली. सेलमध्ये मशीन साडेतीन हजाराला होतं, घरात रॉड नसलेली खिडकी शोधायला फक्त दहा मिनिटं लागली.

त्याआधी मी बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात चक्कर टाकून आलो होतो. तिथल्या दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "काम काय आहे?" इतका खासगी प्रश्न मला कुठल्याही ॲपने कधी विचारलेला नाही. मी म्हणालो, "असंच, घरगुती." तो म्हणाला, "भिंत विटेची का काँक्रीटची?" पंचवीस वर्षं त्या भिंतींचे हप्ते फेडले, पण त्या कशाच्या आहेत हे विचारायचं राहून गेलं होतं. मी "बघून सांगतो" म्हणून निघालो आणि रिक्षातच ऑर्डर टाकली.

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, हे नंतर कळलं. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखडतात. विटेला तेवढं पुरतं, पण मागून जोर माणसानेच लावायचा असतो. रोटरी हॅमरच्या पोटात दट्ट्या असतो, तो हवेच्या दाबाने बिटवर खरोखरचे ठोके मारतो. ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंतच काँक्रीटची ओततात अशा नव्या टॉवरांत राहणाऱ्याने साधं हॅमर ड्रिल आणलं, तर खालच्या मजल्याला त्रास होतो, भिंतीला होत नाही. खोक्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे वॅट असतात, नग असतात आणि गॉगल लावून हसणारा एक माणूस असतो. भोक पाडताना कुणी हसत नाही.

खरी लागतात ती हत्यारं स्वस्त असतात, म्हणून ती कुणी घेत नाही. पाणसळ, ओळंबा, दांडा न फिरणारा एक डिसमिस आणि बरी टेप. टेपवरून आठवलं. तिच्या टोकाचा पत्र्याचा आकडा किंचित हलतो. मी तो सदोष माल समजून पक्कडीने घट्ट केला. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. बाहेरून अडकवला की स्वतःच्या जाडीइतका पुढे सरकतो, आतून टेकवला की तितकाच मागे जातो, त्यामुळे दोन्हीकडून माप बरोबर येतं. मी दुरुस्त केल्यापासून आमच्या घरातली सगळी मापं एका बाजूने चुकतात.

आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. सुरुवातीला पोरांच्या हातात कानस देतात आणि लोखंडाचा तुकडा गुण्याला बसेपर्यंत घासायला लावतात. हाताला चव येते ती तिथे. मी नऊ मिनिटांचा व्हिडिओ पाहिला, तोही दीडपट वेगाने.

रविवार. सोसायटीचा नियम असा की दुपारी दोन ते चार ड्रिलिंग बंद. मी साडेबाराला सुरू केलं. बिट भिंतीला लावलं, घोडा दाबला. आवाज झकास आला. पाच मिनिटांनी भोकाच्या जागी बोट लावून पाहिलं तर रंग गेला होता आणि बोट भाजलं. बिट निळं पडलेलं. प्लास्टर जळल्याचा वास हॉलपर्यंत गेला. मुलगी आली, तिने मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, बाण डावीकडे आहे." मी ते उलटं फिरवत होतो. भिंतीतून काहीतरी बाहेर काढत होतो म्हणा ना.

बाण उजवीकडे केला. पाव इंच गेलं आणि थांबलं. इथे वास्तुशास्त्रातली नसलेली पण वास्तूतली असलेली एक गोष्ट सांगतो. भिंत विटेची असली तरी खिडकीच्या वर काँक्रीटची लिंटेल असते, आत सळया. नाहीतर वरच्या विटांचा भार खिडकीवर येईल. आणि पडद्याचा रॉड लावायची जागा नेमकी तीच. घरातल्या हौशी माणसाचं पहिलं काम हमखास रॉडचं असतं आणि घरातली सर्वांत कठीण भिंत त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते. मशीनवर हातोडीचं एक चित्र होतं, तिथे बटण सरकवायचं होतं. ते मी ब्रँडचं चिन्ह समजलो.

चार भोकं हवी होती, अकरा पडली. दर भोकामागे खर्च त्यामुळे कमी आला हे मी घरात मांडून पाहिलं. डाव्या ब्रॅकेटचे स्क्रू कसेबसे बसले. उजवीकडे हात हलल्यामुळे भोक इतकं मोठं झालं की प्लास्टिकची गिट्टी टाकली तशी बाहेर आली. दोन वाजले. नियम म्हणजे नियम, असं म्हणून मी मोठ्या समाधानाने थांबलो.

मग मिस्त्रींना फोन केला. ते 'उद्या' आले, म्हणजे बुधवारी. आधी भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक केलं आणि कान दिला. मग माझी अकरा भोकं मोजली, पण बोलले काही नाहीत.

"माप कुठून घेतलंत?"

"छतापासून."

"छत लेव्हलमध्ये असतं होय साहेब?"

पिशवीतून त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक मला धरायला दिलं. त्या दिवशीचं माझं तेवढं एकच काम बरोबर झालं. मी म्हणालो, "एखाद्या सुताचा फरक असेल ना?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हा शब्द मी खास पाठ केला होता. ते म्हणाले, "सूत कुठलं घेऊन बसलात, सव्वा इंच आहे."

उजव्या बाजूला सरकून त्यांनी नवीन दोन भोकं पाडली, माझ्याच मशीनने, हातोडीच्या चित्रावर बटण सरकवून. खाली वर्तमानपत्राची घडी धरून भुकटी झेलली. एक गिट्टी जरा सैल वाटली तशी खिशातून काडेपेटी काढली, काडीचं गूल मोडलं आणि काडी गिट्टीशेजारी खोचली. स्क्रू घट्ट. माझ्या एकशे आठ नगांत काडेपेटी नव्हती.

"आता डावीकडचंही काढून वर घेतो," ते म्हणाले. मी नाही म्हणालो.

याला शास्त्र आहे. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या तिघांनी २०१२ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. साधं खोकं स्वतः जोडलेली माणसं त्याच खोक्याला जास्त किंमत द्यायला तयार होतात. या वेडाला त्यांनी घरी जोडायचं फर्निचर विकणाऱ्या आयकियाचं नाव दिलंय. पण काम अर्धवट राहिलं की ही माया आटते, असंही त्यांना आढळलं. माझा डावा ब्रॅकेट पूर्ण झालेला आहे. उजव्याबद्दल मला काहीच वाटत नाही, तो कुणीही लावला असता.

मिस्त्रींनी ड्रिल पुसून पेटीत ठेवलं, एकशे आठ नग एकवार न्याहाळले आणि विचारलं, "साहेब, हे सगळं करता काय?"

पूजेनंतर कळलं की हळद-कुंकू चकच्या जबड्यात जाऊन बसलंय, आता बिट घट्ट धरत नाही. मिस्त्रींना फोन केलाय. उद्या येतो म्हणालेत. रॉड जागेवर आहे. पंखा लावला की कड्या उतारावरून निघतात आणि पडदा आपला आपण डावीकडे सरकत जातो. परवा समोरच्या काकूंनी विचारलं, "ऑटोमॅटिक बसवलात वाटतं? कितीला पडला?"

मी म्हणालो, "साडेतीन हजार."