झोका बदलण्याची रीतसर पद्धत
(नवनिर्वाचित नगरसेवकांसाठी)

बागेतला झोका मोडल्याची तक्रार आली तर गांगरून जाऊ नये. आधी जागेवर जाऊन पाहणी करावी. सोबत कनिष्ठ अभियंता, दोन कार्यकर्ते आणि मोबाइल स्थिर धरता येणारा एक तरुण असावा. साखळी वरच्या दांडीला ज्या आकड्यात अडकवलेली असते, तो आकडा झिजून काडीएवढा झालेला दिसेल. बाकी दांडी, साखळ्या, पाट सगळे ठणठणीत. रखवालदाराने दोन्ही साखळ्या खांबाला गुंडाळून तारेने आवळलेल्या असतील, कारण आकड्यापेक्षा तार लवकर मिळते. खाली पोरांच्या पायांनी उकरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी आणि कोणाची तरी एक चप्पल. एवढ्यात एखादे आजोबा पुढे येऊन म्हणतील, "अहो साहेब, नुसता आकडा बदला. आमच्या गल्लीतला वेल्डिंगवाला दहा मिनिटांत करून देईल." आजोबांना वाकून नमस्कार करावा आणि पुन्हा त्यांच्या तावडीत सापडू नये.

कारण आकडा बदलणे म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्तीचे उद्घाटन करता येत नाही. आकड्यावर नावाची पाटीही मावत नाही. शिवाय दुरुस्तीचे लेखाशीर्ष वेगळे, त्यातले पैसे केव्हाच संपलेले असतात. नव्या खेळण्यांचे तसे नाही. त्यांना भांडवली तरतूद असते, पुण्यात असाल तर हक्काची 'स' यादी असते, आणि कशातच काही नसले तर मार्चच्या तोंडावर वर्गीकरण आहेच. म्हणून झोक्याचे नावही न काढता 'बालक्रीडांगण विकसित करणे' असा विषय द्यावा. त्यात झोका आपोआप येतो. कधीकधी राहूनही जातो.

पूर्वगणनपत्रक करताना घसरगुंडी हे एक काम, तिच्या खालचे रबर हे दुसरे आणि भोवतालचे रेलिंग हे तिसरे, असे धरले तर निविदेचा व्याप हलका होतो. पुढे तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मान्यता, मग स्थायी समिती. १९४९च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे या समितीत १६ सदस्य असतात. घसरगुंडीवरून घसरण्याचे वय त्यांच्यापैकी कोणाचेच नसल्याने निर्णय तटस्थपणे होतो. (पुण्या-मुंबईच्या सभागृहांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच होते. त्या काळातही झोके मोडले असतील, बदललेही असतील, पण 'संकल्पनेतून' असे लिहायला कोणी नव्हते. शहराची केवढी ही हानी.)

खेळण्यांची निवड ठेकेदाराच्या कॅटलॉगातून करावी. पत्र्याची घसरगुंडी हल्ली कोणी घेत नाही, ती उन्हात तव्यासारखी तापते. फायबरची घ्यावी. ती तडकते आणि तिचे बारीक तंतू मांड्यांत घुसतात, पण ते पुढच्या टर्मला. युरोपातल्या ईएन ११७६ या मानकात पडण्याची उंची तीन मीटरपुढे जाऊ देत नाहीत आणि उंचीप्रमाणे खाली मऊ थर मागतात. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक घालावेत. वाळू घातली तर तिथे मांजरे येतात, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याभरात वाळूही जाते. कोणी फारच अडून बसले तर ब्लॉकवर रबरी मॅट चिकटवावी. एका पावसाळ्यात तिच्या कडा पापडासारख्या वळतात. तोवर बिल निघालेले असते.

त्याच जागेत ओपन जिम बसवायला विसरू नये. मुलांना मत नसते, मुलांना बागेत आणणाऱ्यांना असते. मात्र संध्याकाळी एकदा चक्कर मारावी: व्यायामाच्या यंत्रांवर पोरे लोंबकळत असतात आणि झोक्यांवर ज्येष्ठ नागरिक शेंगा खात बसलेले असतात. 'बारा वर्षांवरील व्यक्तींनी खेळण्यांवर बसू नये' ही सूचना त्यांच्या डोक्यावरच असते.

खरे काम पाटीचे. मुंबईत मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यात चढली, पण तो कोणाच्या संकल्पनेतून उभा राहिला हे त्यांतल्या एकालाही सांगता येणार नाही. इतका अपव्यय परवडत नाही. पाटी ग्रॅनाइटची असावी आणि खेळण्यांच्या आधी लागावी. तिच्यावर पक्षश्रेष्ठींपासून वॉर्ड अध्यक्षांपर्यंत क्रमाने सर्वांची नावे घ्यावीत. क्रम चुकला तर पाटी दुसऱ्यांदा करावी लागते, आणि बदली करण्याचे हे एकच काम आपल्याकडे एका रात्रीत होते.

जुनी खेळणी जडवस्तू नोंदवहीत असतात. त्यांचे निर्लेखन होऊन भंगाराचा लिलाव होईपर्यंत ती पंपघरामागे टाकावीत. लिलावाची घाई करू नये. नोंदवही सापडेपर्यंत लोखंडाचा भाव वाढतो.

उद्घाटन संध्याकाळी पाचला ठेवावे, म्हणजे पाहुणे सातला येतात. तोवर मुलांना फितीच्या अलीकडे धरून ठेवण्यासाठी दोन धडधाकट स्वयंसेवक लागतील. फीत कापल्यावर मान्यवर फोटोसाठी झोक्यावर बसणारच. पाटाच्या मागच्या बाजूला वजनाची मर्यादा छापलेली असते. ती बाजू प्रेसवाल्यांकडे येणार नाही एवढे पाहावे.