दोन तोट्यांचं लंडन

परभणीचा पोरगा इंजिनिअर होऊन लंडनला जातो, तेव्हा त्याला खरा धक्का थंडीचा बसत नाही, जुन्या घरातल्या बेसिनचा बसतो. एक तोटी चटका देते, दुसरी बोटं बधिर करते. कोमट पाणी हवं असेल तर हात दोन्हींखाली आलटूनपालटून नाचवायचे! कारण मात्र शहाणपणाचं आहे. थंड पाणी थेट सार्वजनिक नळाचं, गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून आलेलं. टाकीतलं शिळं पाणी उलटं फिरून नळात शिरू नये, म्हणून दोघांची गाठच पडू द्यायची नाही. पुढे बॉयलर थेट नळाला जोडले गेले, तरी कित्येक घरांत तोट्यांचा घटस्फोट कायम आहे.

आपल्याकडे हे लाड नाहीत. येलदरी धरण जिल्ह्यातच, जिंतूर तालुक्यात. पण गल्लीत नळ आला की घरोघरी टुल्लू मोटारी घुरघुरू लागतात. ओढ अशी, की शेवटच्या घराला नुसती हवा मिळते आणि फुटक्या जोडातून गटारही पाहुणं म्हणून आत येतं. साहेबाला ज्याची धास्ती, ते आपण वीजबिल भरून करतो.

लंडनच्या न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते, काही ठिकाणी तर गालिचा असतो. मुलाकडे गेलेल्या आईने बादली-तांब्याने आंघोळ केली, की खालच्या मजल्यावरचा शेजारी वर येतो. तेव्हा जाणाऱ्यांनी टबातच बसावं. आणि सुट्टीत परभणीला येणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी घरी विचारून घ्यावं, नळ कोणत्या दिवशी आहे.